शेजारच्या दुकानाचं पाणी आमच्या अंगणात

पत्र :
आमचं घर उताराच्या खालच्या अंगाला आहे, वरच्या अंगाला एक दुकान. दोन वर्षांपूर्वी दुकानदारांनी समोरच्या मोकळ्या जागेत, सुमारे ४०० चौरस मीटरमध्ये, पेव्हर ब्लॉक घालून गाड्या लावायची सोय केली. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की तिथलं सगळं पाणी आमच्या अंगणातून वाहतं. मागच्या पावसात ते पायरीला लागलं. घराच्या एका कोपऱ्यात जोत्याला ओलही आली आहे. मिस्टरांचं म्हणणं, वरच्या कडेला भिंत घालू आणि अंगण काँक्रीटचं करून टाकू, म्हणजे पाणी सरळ रस्त्याच्या गटारात जाईल. कंत्राटदार म्हणतो, घराच्या कोपऱ्यातच शोषखड्डा घ्या. दुकानदारांशी बोलायला मी भर पावसात गेले, तर ते म्हणाले, "पाणी उताराकडेच जाणार, त्याला मी काय करू?" तेव्हापासून बोलणं बंद आहे. आमचं छप्पर १२० चौरस मीटरचं आहे. त्याचं थोडं पाणी मी पिंपात धरते. ते भाजीच्या वाफ्याला चालेल का, हेही सांगा.
— ओलीला कंटाळलेली

उत्तर :

ताई,

भिंत नको, काँक्रीट तर मुळीच नको, आणि घराच्या कोपऱ्यात शोषखड्डा काढायला निघालेल्या माणसाला तूर्त थांबवा. पुढचं सगळं सावकाश सांगते, पण ही तीन कामं या आठवड्यात सुरू होणार असतील तर आधी ती थांबवा.

दुकानदार म्हणतात ते अर्धं खरं आहे. पाणी उताराकडेच जाणार. पण दोन वर्षांपूर्वीही उतार हाच होता, आणि पाणी तुमच्या पायरीला लागत नव्हतं. बदलली ती जमीन. मोकळी माती पावसाचा पहिला भाग पिते, गवत त्याला अडवतं, खळग्यांत थोडं साचतं, आणि उरलेलं रेंगाळत खाली येतं. फरसबंदीवर यातलं काही होत नाही. जवळजवळ सगळं पाणी वाहतं आणि तेही एकदम, पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांत. मराठीत 'कुठेतरी पाणी मुरतंय' हे आपण संशयानं म्हणतो. तुमच्या बाबतीत ते कुठेच मुरत नाही, हीच अडचण आहे.

पेव्हर ब्लॉकमधून पाणी झिरपतं असा अनेकांचा समज असतो, तुमच्या दुकानदारांचाही असेल. नेहमीचे ब्लॉक दाबून बसवलेल्या बारीक कचेवर घट्ट लावतात आणि फटीत बारीक वाळू भरतात. त्यातून फारसं काही खाली जात नाही. पाणी झिरपवणारी फरसबंदी वेगळी असते : फटी रुंद, त्यांत वाळूऐवजी बारीक खडी, आणि खाली फुटभर किंवा जास्त जाडीचा, बारीक चुरा नसलेल्या खडीचा थर. त्या खडीमधल्या पोकळ्यांत पाणी साठतं आणि मग हळूहळू जमिनीत जातं. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

आता थोडा हिशेब, कारण या विषयात आकडा मांडला की निम्मी भांडणं मिटतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. यापलीकडे कुठलंही सूत्र लागत नाही. दुकानाच्या ४०० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २०,००० लिटर. तुमच्या छपरावर त्याच पावसात ६,००० लिटर. आणि मिस्टरांनी समजा दीडशे चौरस मीटर अंगण काँक्रीटनं झाकलं, तर आज जे थोडंफार मुरतं तेही थांबून आणखी साडेसात हजार लिटर वाहतं पाणी तुम्ही स्वतः तयार कराल. ते रस्त्यावर जाईल, म्हणजे तुमच्या खालच्या घराच्या पायरीला लागेल. मग ते मला पत्र लिहितील.

भिंतीचं म्हणाल तर ती पाणी थांबवत नाही, वळवते. तिच्या पायथ्याशी पाणी तुंबतं, माती फुगते, आणि एखाद्या रात्री भिंत कलते. नाहीतर पाणी भिंतीच्या टोकाला वळसा घालून तिसऱ्याच्याच कुंपणात शिरतं. शेजाऱ्याच्या पावसाच्या पाण्यावरून भांडण ही काही आजची गोष्ट नाही. प्राचीन रोममध्ये इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास जे बारा तक्ते लिहिले गेले, त्या कायद्यातही पावसाच्या पाण्यानं शेजाऱ्याचं नुकसान झालं तर दाद मागण्याची सोय होती. पुढच्या रोमन कायदेपंडितांनी त्यात जो फरक केला तो आजही उपयोगाचा आहे : नैसर्गिक उतारानं आलेलं पाणी खालच्यानं सोसायचं, पण माणसानं काही बांधून पाण्याचा प्रवाह बदलला तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. तुमच्या भागात नियम काय आहेत ते स्थानिक कार्यालयात विचाराच, पण लक्षात घ्या, भिंत घातली की प्रवाह बदलणाऱ्या तुम्ही ठरता.

पुढच्या जोराच्या पावसात एक काम करा. छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा. दहा मिनिटं पुरे. पाणी नेमकं कुठून शिरतं, कुठे पसरतं, कुठे धार धरतं, हे बघा आणि फोनवर चित्रण करा. आणि मुख्य म्हणजे, जोत्याला ओल आलेल्या त्या कोपऱ्यात तुमच्याच पन्हळीचा पाइप उतरतो का ते बघा. मी पैज लावायला तयार आहे. अशी जितकी घरं मी पाहिली त्यांत शेजाऱ्याचं पाणी दिसतं म्हणून त्याच्यावर राग असतो, आणि पायाशी रोज ओतलं जाणारं पाणी मात्र आपल्याच छपराचं असतं. एका कोपऱ्यात निम्मं छप्पर उतरत असेल तर ५० मिलिमीटरच्या पावसात तिथे पायाला लागून ३,००० लिटर पाणी पडतं. दुकानाचं पाणी अंगणातून वाहून तरी जातं. हे तिथेच मुरतं, आणि नको तिथे मुरतं.

म्हणून पहिलं काम तुमच्याच घराचं. पन्हळीतला पाला काढा. पाइपाला कोपर आणि नळी जोडून पाणी घरापासून किमान ३ मीटर लांब न्या. घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूनं उतार द्या. पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार मिळाला तर छान. अनेक घरांत वर्षानुवर्षं फुलझाडांना माती घालत गेल्यामुळे उतार उलटा, घराकडे झालेला असतो. फावड्यानं दोन दिवसांत होणारं काम आहे. ओल त्यानंच बरीच कमी होईल असा माझा अंदाज आहे. भिंत सुकायला मात्र काही महिने जातात, लगेच रंग देऊ नका.

मग ते लांब नेलेलं पाणी सोडायचं कुठे? इथे येते पावसाची बाग. बाग म्हटलं तरी मुळात तो एक उथळ, सपाट बुडाचा खळगा. त्यात झाडं लावलेली, पाऊस आला की काही तास तळं, नंतर पुन्हा कोरडी. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, एका नव्या वसाहतीतल्या घरांना एकेक अशी बाग देण्यात आली, आणि तिथून ही कल्पना पसरली. पाणलोटाचं काम करणारी माणसं म्हणतात ना, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला रांगायला, रांगणाऱ्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला. डोंगरावर जे चर करतात तेच इथे घराच्या अंगणात.

पण खणण्याआधी जमिनीला विचारा. बाग करायची तिथे फुटभर रुंद, फुटभर खोल खड्डा घ्या. पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, ते कोरड्या मातीची तहान भागवण्यासाठी. मग पुन्हा भरा, त्यात खुणा केलेली काठी उभी करा आणि तासागणिक पाणी किती उतरलं ते लिहून ठेवा. ताशी २५ मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर तुमची जमीन उत्तम. १२-१३ मिलिमीटरपर्यंत निभावतं. त्याहून कमी असेल तर माती चिकण आहे किंवा खाली दगड आहे. मग बाग उथळ आणि पसरट करायची, किंवा तळाशी खडीत भोकं पाडलेला पाइप घालून जास्तीचं पाणी सावकाश बाहेर काढायचं. दुसऱ्या दिवशीही खड्डा तसाच भरलेला असेल तर तिथे बाग करूच नका, दुसरी जागा शोधा.

आकार किती? निम्म्या छपराचं, म्हणजे ६० चौरस मीटरचं पाणी धरू. १० चौरस मीटरची आणि १५ सेंटिमीटर खोल बाग घेतली तर तिच्यात १,५०० लिटर मावतात. म्हणजे २५ मिलिमीटर पावसाचं त्या निम्म्या छपराचं सगळं पाणी तिच्यात आलं. शिवाय पाऊस चालू असतानाच खालून मुरणंही चालू असतं. त्याहून मोठ्या पावसाचं काय, तर त्यासाठी खालच्या कडेला दगड लावलेली एक ठरलेली वाट ठेवायची, जिथून पाणी शहाण्यासारखं बाहेर पडेल. ही वाट ठेवायला लोक विसरतात आणि मग पाणी बागेचा काठ फोडून स्वतःची वाट काढतं.

जागा निवडताना घराच्या पायापासून ३ मीटर दूर, सेप्टिक टाकीपासून आणि तिच्या पाझर-चरांपासून दूर, मोठ्या झाडाच्या मुळांवर नको, आणि जमिनीखाली वीज-गॅसच्या लाइनी नाहीत ना हे विचारून घ्या. बूड सपाट हवं, नाहीतर पाणी एकाच टोकाला साचतं. तळाला पाण्यातही तगणारी आणि कोरडीतही टिकणारी झाडं लागतात. ती तुमच्या आसपासच्या ओढ्याच्या काठावर आपोआप उगवलेली दिसतील, तिथूनच ओळखून घ्या. काठावर कोरडं सोसणारी लावा. पहिलं वर्ष त्यांना पाणी घालावं लागतं. पावसाच्या बागेला पाणी घालायचं म्हटलं की लोक हसतात, पण मुळं खोल जाईपर्यंत घालावंच लागतं.

माझी स्वतःची पहिली बाग चार दिवस तळं होऊन बसली होती. चूक माझी. माती आणायला आलेला ट्रॅक्टर मी त्याच खळग्यातून फिरू दिला, आणि चाकांखाली माती अशी दाबली गेली की तिच्यात नि फरशीत फरक उरला नाही. शेवटी सगळं पुन्हा खणून, कुजलेलं खत मिसळून भुसभुशीत करावं लागलं. तुमच्याकडे चिकण माती निघाली तर तिच्यात दोन घमेली वाळू मिसळून काम भागवू नका. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे विटेचा गारा. त्यापेक्षा कंपोस्ट घाला.

डासांची शंका मनात येईलच. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो आणि चांगली बाग एक-दोन दिवसांत कोरडी होते. त्या खळग्यापेक्षा तुमच्या पिंपाचं उघडं तोंड मला जास्त धोक्याचं वाटतं. त्यावर बारीक जाळी घट्ट बांधा.

शोषखड्ड्यालाही माझा सरसकट विरोध नाही. जागा अगदीच कमी असेल तर तो उपयोगी पडतो. पण घरापासून लांब हवा, आणि त्याआधी गाळ बसायला छोटी टाकी हवी. छपराचा पाला-माती थेट खड्ड्यात गेली की काही वर्षांत तो बुजतो, आणि बुजलाय हे कळतं ते पाणी वर आल्यावर. बागेचं तसं नाही. तिला काही झालं तर ते खिडकीतून दिसतं.

आता दुकानदार. भर पावसात, चिडून, ओल्या चपलांनी गेलात, तर कोण नीट बोलेल? कोरड्या दिवशी, दुकानात गर्दी नसताना जा. आधी स्वतःच्या पाइपाचं काम उरका आणि मग जा. "आमच्या छपराचं पाणी आम्ही अडवलं, आता तुमच्याशी बोलायला आले" या वाक्याचं वजन वेगळं पडतं. फोनमधलं चित्रण दाखवा, २०,००० लिटरचा हिशेब कागदावर द्या, आणि दोष न देता एक ठोस मागणी करा.

मागणी अशी. त्यांच्या जागेच्या खालच्या कडेला, तुमच्या कुंपणाला समांतर, दीड मीटर रुंद आणि २० मीटर लांबीचा पट्टा. तिथले ब्लॉक काढायचे आणि जागा २० सेंटिमीटर खोल करून झाडं लावायची. त्यात ६,००० लिटर मावतात, म्हणजे त्यांच्या सगळ्या जागेवरचा १५ मिलिमीटर पाऊस. रोजच्या लहानसहान सरी तिथेच संपतील आणि मोठ्या पावसाचा पहिला लोंढा मोडेल. चाकं आत जाऊ नयेत म्हणून कडेला दगड लावायचे, पण मध्ये मध्ये फटी सोडून, म्हणजे पाणी आत शिरेल. गाड्या लावायच्या जागांत बहुतेक ठिकाणी वाफे उंच बांधलेले असतात, चहूबाजूंनी कठडा, आत माती, आणि पाणी बाहेरून वाहत जातं. वाफा उलटा, म्हणजे खोल केला की बिनखर्चाचं धरण होतं. हे मला इतकं साधं वाटतं, तरी उंच वाफ्यांचा हट्ट काही सुटत नाही.

त्यांचा फायदा काय, हेही सांगा, कारण तुमच्या जोत्याची काळजी त्यांना का असावी? पाणी ब्लॉकखाली शिरून कच वाहून नेतं आणि ब्लॉक खचतात. खालच्या कडेचे काही खचले असतीलच, आधी जाऊन बघून ठेवा. गिऱ्हाईक डबक्यातून उड्या मारत दुकानात येतं. आणि काही शहरांनी तर हे पैशांतच मोजायला सुरुवात केली आहे. फिलाडेल्फियानं २०१० पासून व्यावसायिक जागांचं पावसाच्या पाण्याचं बिल नळाच्या मीटरच्या आकारावर न ठरवता, किती जमीन झाकली आहे त्यावर ठरवायला घेतलं. नळाचं पाणी जेमतेम वापरणाऱ्या वाहनतळांना मोठी बिलं आली, आणि ज्यांनी पाणी जागेवर मुरवलं त्यांना सूट मिळाली. जर्मनीतही झाकलेल्या जमिनीवर वेगळा आकार घेतात. तुमच्याकडे असं काही आहे का, ते दुकानदारांनी चौकशी करून बघावं.

एक गोष्ट मात्र त्या पट्ट्याबद्दल आवर्जून सांगा. गाड्यांच्या जागेवरून येणारं पाणी छपराच्या पाण्याइतकं साधं नसतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅल्मन मासे पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच मरायचे, आणि वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते शोधलं. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून तयार होणारं एक द्रव्य, टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडून पाण्यात उतरणारं. त्याच्याही काही वर्षं आधी प्रयोगांत दिसलं होतं की रस्त्याचं तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि सालींच्या थरातून गाळलं की मासे जगतात. बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच्या पावसाळी गटाराचं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट नदीनाल्यात जातं. तो दीड मीटरचा पट्टा म्हणजे तिथली गाळणी. पण दुकानात तेल, रंग, रॉकेल किंवा इंधन सुटं विकत असतील आणि ते त्याच जागेवर सांडत असेल, तर ते पाणी जमिनीत मुरवायचंच नाही. सांडणारी जागा आधी वेगळी करून वर छत घालायचं, मग पट्टा. आणि त्या पट्ट्यात खाण्याचं काही लावू नये.

ते नाहीच म्हणाले तर? तर तुमच्या हद्दीत, कुंपणाच्या आतून, पाणी शिरतं तिथे आडवा उथळ चर काढा. बूड सपाट, कडा पसरट, गवत लावलेला. तो वरून आलेली धार पसरवेल, थोडं मुरवेल, आणि उरलेलं घराला वळसा घालून पूर्वी जिथून बाहेर पडत होतं तिथूनच बाहेर नेईल. नवीन ठिकाणाहून नको. सगळं पाणी यात मावणार नाही, पण पायरीपर्यंत येणार नाही.

राहिलं पिंपाचं पाणी. तुमचं पिंप २०० लिटरचं असेल आणि त्यात सगळं छप्पर उतरत असेल, तर पावणेदोन मिलिमीटर पावसातच ते भरतं. म्हणजे पुराला त्याचा काही उपयोग नाही, पण झाडांना आहे. सरीची सुरुवातीची काही मिनिटं पाणी बाजूला सोडा, त्यातच पक्ष्यांची घाण आणि धूळ येते. मग वाफ्यात मुळाशी घाला, पालेभाजीच्या पानांवर नको, आणि काढणीच्या आदल्या दिवशी नको. छपरावर डांबर, जुना शिशाचा रंग किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर भाजीला अजिबात वापरू नका, फुलझाडांना घाला. पिंप भरल्यावर वाहणारं पाणी सध्या कुठे पडतं तेही बघा. त्याच ओल्या कोपऱ्यात पडत असेल तर तिथे एक नळी आजच जोडा.